टॉमकॅट सुरू होतो, ॲप उठत नाही

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं जुनं जावा ॲप टॉमकॅट ९ या वेब सर्व्हरवर नीट चालायचं. आता १०.१ टाकला. टॉमकॅटचं स्वतःचं पान उघडतं, पण ॲप ४०४ (पान सापडलं नाही) देतं. टॉमकॅटच्या मुख्य नोंदींच्या फाइलीत, म्हणजे कॅटलिना लॉगमध्ये, ‘वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट’ (ॲपसोबत सुरू होणारे काही भाग सुरू झाले नाहीत) एवढंच कळतं. पोर्ट बदलून पाहिला, फरक नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : पोर्टला हात लावू नका. टॉमकॅटचं पान उघडतंय म्हणजे पोर्ट ठीक आहे. खरं कारण त्याच लॉग्स फोल्डरमध्ये, ‘लोकलहोस्ट’ने सुरू होणाऱ्या त्या दिवसाच्या फाइलीत सापडेल. ही फाइल कुणी उघडतच नाही, याची मला फार हळहळ वाटते. तिथे ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ (हवा तो क्लास सापडला नाही) आणि पुढे ‘जावाएक्स/सर्व्हलेट’ दिसलं, तर दुखणं कळलं : टॉमकॅट १० पासून सर्व्हलेटची (वेबवरच्या विनंत्यांना उत्तर देणाऱ्या जावा कोडची) पॅकेजं ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ नावाने येतात. तुमचं ॲप जुनंच नाव शोधतंय.

टॉमकॅट जिथून ॲप चालवतो त्या ‘वेबॲप्स’ फोल्डरच्या शेजारी ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाचं फोल्डर करून वॉर फाइल (सगळं ॲप एकत्र बांधलेली फाइल) त्यात ठेवा. टॉमकॅट ती स्वतः बदलून वेबॲप्समध्ये टाकतो. आधी वेबॲप्समधली जुनी प्रत काढा, मूळ वॉर मात्र जपून ठेवा.

सोर्स कोड बदलणार असाल, तर सगळीकडे सरसकट ‘जावाएक्स’ खोडू नका. ‘जावाएक्स.एसक्यूएल’ जावाचंच आहे, ते तसंच राहतं. आणि १०.१ ला किमान जावा ११ लागतो, तेही तपासा.