ड्राइव्ह जमिनीलगतच जातो, वर कसा न्यायचा?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये बहुतेकांचं दुखणं एकच, गोल्फमध्ये टीवरून (बॉल ठेवायची छोटी खुंटी) ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, मारला की बॉल वर जातच नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि या विषयाला नीट जागा देते. पहिलं पत्र मुद्दाम जवळजवळ पूर्ण छापलंय, कारण ते वाचताना अनेकांना आपलंच वाटेल.

प्रश्न: ताई, मी त्रिमूर्तीनगरला राहतो, वय ४१. कॉलेजात लेदर बॉलचं क्रिकेट भरपूर खेळलो, आता दोन वर्षं झाली गोल्फ खेळून राहिलो. आयर्न, म्हणजे छोटे लोखंडी क्लब, चांगले लागतात, सात नंबर तर मस्त उंच जातो, पण ड्रायव्हर हातात घेतला की बॉल कमरेएवढ्या उंचीवरून सुसाट जातो आणि पडतो. एप्रिल-मेमध्ये एवढं वाटत नव्हतं, २०० यार्डापर्यंत जात होता, पण पाऊस लागला तसा १६० वर आला. मुद्दाम उचलायला गेलो तर टॉप लागतो, म्हणजे क्लब बॉलच्या डोक्यावर बसतो. सोबतचे म्हणतात टी खाली कर, मान खाली ठेव. दोन्ही करून पाहिलं, काही फरक नाही. काय करू?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर: भाऊ, सगळ्यात आधी एक सांगते, तुमचा ड्राइव्ह पावसाळ्यात बिघडला नाही, तो उन्हाळ्यातही असाच होता. मे महिन्यात आपल्याकडची जमीन रस्त्यासारखी कडक होते, खाली गेलेला बॉल टप्पा घेऊन चाळीस-पन्नास यार्ड घरंगळत जातो आणि आपल्याला वाटतं मस्त लागला. जुलैत काळी माती पाणी पिऊन फुगली की बॉल पडला तिथंच रुततो, मग हवेतून खरंच किती गेला तेवढंच हाती लागतं. म्हणून मी तर म्हणते पावसाळ्यातलं अंतर हेच तुमचं खरं अंतर, त्याच्यावरूनच काम सुरू करा.

आता सात नंबरचं. तो उंच जातो म्हणून तुम्हाला वाटतंय स्विंग बरोबर आहे, ड्रायव्हरच दगा देतोय. पण सात नंबर आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे बॉलला लागणारा भाग मागे कललेला असतो तो कोन, तीस अंशांच्या आसपास असतो, तुम्ही त्याला वरून खाली मारलं तरी बॉल वर जायला भरपूर लॉफ्ट शिल्लक राहतो, आणि आयर्नला तसंच मारायचं असतं, आधी बॉल मग माती. ड्रायव्हरचा लॉफ्ट नऊ ते साडेदहा. त्यालाही तुम्ही तसंच चार-पाच अंशांनी खाली चोपलं तर उरतं काय? बॉल निघतानाच पाच-सहा अंशांनी निघतो. म्हणजे आयर्नची चांगली सवयच ड्रायव्हरला आडवी येऊन राहिलीय.

आणि त्यात तुमचं क्रिकेट. आपल्या शहरात गोल्फकडे वळलेले कितीतरी लोक क्रिकेटमधून आलेत, मी त्यांना टीवर उभं राहिलेलं पाहूनच ओळखते. पुढच्या पायावर वजन, डोकं बॉलच्या वर, पुढचा खांदा खाली, बॅट सरळ खाली. लहानपणी प्रत्येक कोचनं हेच घोकून घेतलं, बॉल जमिनीवर ठेव, उचललास तर कॅच जाईल. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर कव्हर ड्राइव्ह मारायला हे अगदी बरोबर आहे. पण टीवर ठेवलेला बॉल जमिनीच्या दीड इंच वर असतो, हलत नाही, आणि कॅच घ्यायला कोणी नसतं. इथं डोकं बॉलच्या मागे पाहिजे.

काहीही बदलायच्या आधी एक काम करा, शाळेतला पांढरा खडू घ्या आणि ड्रायव्हरच्या फेसवर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या पुढच्या भागावर, नीट घासा. पाच बॉल मारा आणि प्रत्येक वेळी पहा ठसा कुठं उमटला, मग पुसून पुन्हा खडू लावा. मी स्वतः कितीतरी वर्षं न पाहताच खेळले आणि पाहिलं तेव्हा सगळे ठसे फेसच्या खालच्या अर्ध्यात निघाले, अगदी रांगेत. तुमचेही तिथंच निघतील असा माझा अंदाज आहे. हे महत्त्वाचं का, तर ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, खालून वर थोडा गोलाई घेतलेला असतो, त्यामुळे मधल्या जागेपेक्षा अर्धा इंच खाली लागलं तर लॉफ्ट दोन-अडीच अंशांनी कमीच होतो. वर आणखी एक गोष्ट होते, बॉल खाली लागला की हेड, म्हणजे क्लबचं डोकं, पुढं झुकतं आणि त्याच्या उलट बॉलवर बॅकस्पिन, म्हणजे मागच्या दिशेची फिरकी, वाढतो. म्हणजे निघतो खालून आणि वर स्पिन जास्त, दोन्हीकडून नुकसान. मधल्यापेक्षा जरा वर लागला तर बरोबर उलटं, बॉल उंच निघतो आणि स्पिन कमी होतो, आणि लांब जाणारा ड्राइव्ह असाच असतो.

म्हणून टी खाली करायचा सल्ला सोडून द्या, टी वर करा. ड्रायव्हर बॉलच्या मागे जमिनीवर टेकवा, बॉलचा निम्मा भाग हेडच्या वरच्या कडेच्या वर दिसला पाहिजे. आताच्या मोठ्या हेडला, नियमानं ४६० सीसी आकारमानापर्यंत चालतं, त्याला साधारण दीड इंच टी जमिनीच्या वर ठेवावी लागते. तुम्ही छोट्या ५४ मिलिमीटरच्या टी वापरत असाल तर त्या इतक्या वर काढल्यावर जमिनीत उभ्याच राहत नाहीत, ७० मिलिमीटरच्या किंवा त्याहून लांब घ्या. एका टीवर पेननं रेघ मारून ठेवा म्हणजे रोज तीच उंची राहील.

मग बॉलची जागा. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या समोर, उजव्या हातानं खेळता असं धरून सांगतेय. बरेच जण बॉल पायांच्या मधोमध ठेवतात, तिथं क्लब अजून खालीच येत असतो, वर यायला सुरुवातच झालेली नसते. पाय खांद्यापेक्षा थोडे जास्त फाकवा आणि आता मुख्य गोष्ट, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली येऊ द्या. कमरेतून वरचं अंग टार्गेटपासून थोडं मागे कललेलं, शर्टाची बटणं बॉलच्या मागे. वजन उजव्या पायावर किंचित जास्त. क्रिकेटवाल्याला हे पहिल्या दिवशी फार विचित्र वाटतं, मागे पडतोय की काय असं वाटतं, वाटू द्या. ही उभं राहण्याची पद्धत बसली ना की अर्धं काम स्विंग न बदलता होतं, हे मी शिकवताना पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता तो टॉप का लागतो ते. उचलायला गेलं की माणूस स्विंगच्या मधेच मागच्या पायावर बसतो आणि मनगटानं बॉल वर ढकलायला पाहतो. त्यानं होतं असं की क्लबचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या खूप मागे जातो, काही वेळा क्लब आधी जमिनीवर आपटतो आणि काही वेळा इतका वर आलेला असतो की बॉलच्या डोक्यावरच लागतो. म्हणजे कल आधीच घेऊन उभं राहायचं, आणि मारताना मात्र वजन नेहमीसारखं डाव्या पायावर जाऊ द्यायचं, डोकं तेवढं मागे राहू द्यायचं. वजन पुढं, डोकं मागे. यातलं एकच केलं तर जमत नाही.

सरावाला हे करून पहा. तीन बॉल येतात तो पुठ्ठ्याचा छोटा डबा रिकामा करून बॉलच्या पुढं एक फुटावर आडवा ठेवा, टार्गेटच्या रेघेवर. डब्याला न लागता बॉल मारायचा. खाली चोपत असाल तर डबा उडेल, पुठ्ठ्याचा असल्यानं कोणाला काही होत नाही. सुरुवातीला अर्ध्या जोरानंच. मी हे आधी नुसत्या टीवर, बॉल न ठेवता दहा-वीस वेळा करायला लावते, कारण बॉल समोर दिसला की जुना हात परत येतो.

तुमचे सोबती म्हणतील मोठे खेळाडू तर खालीच मारतात. अर्धं खरं आहे. ट्रॅकमॅन या रडार मशीननं काही वर्षांपूर्वी मोजलेलं पाहिलं तर अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धांमधले पुरुष ड्रायव्हर सरासरी एखाद्या अंशानं खालीच मारतात, पण त्यांच्या क्लबचा वेग ताशी ११३ मैल. एलपीजीए या महिलांच्या टूरवरच्या मुली ९४ मैलांच्या आसपास, आणि त्या सरासरी तीन अंश वर मारतात, बॉल तेरा अंशांनी निघतो, हवेतच २१८ यार्डांच्या आसपास जातो. तुमचा माझा वेग त्या मुलींच्या जवळपास किंवा त्याहून कमीच, मग नक्कल कोणाची करायची ते तुम्हीच पहा. मी गेली कित्येक वर्षं हेच सांगत आलेय की हौशी पुरुषांनी एलपीजीएचे सामने बसून पाहावेत, शिकायला तिथं जास्त आहे.

एक धोका सांगून ठेवते. टी उंच केल्यावर काही बॉल सरळ आभाळात जातील आणि शंभर यार्डावर पडतील, हेडच्या वर पांढरा चरा पडेल. घाबरून टी परत खाली करू नका. तो चरा म्हणजे क्लब अजून वरूनच येतोय, बहुतेक वेळा बाहेरून आत. उजवा खांदा पुन्हा तपासा, बॉल डाव्या टाचेकडे आहे का पहा, आणि डब्याचा सराव आठवडाभर आणखी.

प्रश्न: माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत, रोज सकाळी खेळतात. आता त्यांचा बॉल वरच जात नाही आणि ते नाराज होऊन घरी येतात, पोह्यांनाही हात लावत नाहीत. दिवाळीला नवीन ड्रायव्हर घेऊन द्यायचा विचार आहे. दुकानात नऊ अंशांचा, स्टिफ शाफ्टचा, म्हणजे कडक दांड्याचा, दाखवला, म्हणाले प्रो हाच वापरतात.
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर: ताई, तो नका घेऊ. वय वाढलं की वेग कमी होतो आणि कमी वेगाला बॉल हवेत टिकायला जास्त लॉफ्ट लागतो. बाबांना बारा अंशांचा, हलक्या आणि मऊ शाफ्टचा पहा, शाफ्टवर सिनियर किंवा ए लिहिलेलं असतं. पण आधी त्यांचा जुनाच ड्रायव्हर उलटा करून पहा, शाफ्ट जिथं हेडमध्ये जातो तिथं स्क्रू असेल तर तो पान्यानं सैल करून शाफ्टचं टोक फिरवायचं आणि पुन्हा घट्ट करायचं, असा लॉफ्ट एक-दीड अंश वाढवता येतो. लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो आणि बॉल डावीकडे झुकतो, ज्यांचा बॉल उजवीकडे पळतो त्यांना तर हे बरंच पडतं. आणि घरात तीन नंबर वूड, म्हणजे ड्रायव्हरहून थोडा लहान क्लब, असेल, साधारण पंधरा अंशांचा, तर महिनाभर टीवरून तोच मारू द्या. बऱ्याच ज्येष्ठांचा तो ड्रायव्हरपेक्षा लांब जातो, मी स्वतः अशा काकांसोबत उभी राहून मोजलंय. बाबांना हेही सांगा की २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली तेव्हा लांब मारणाऱ्यांमध्ये तिचं नाव नव्हतं, ती पटिंगवर, म्हणजे भोकाजवळ बॉल हळू ढकलून आत घालण्यावर, तिथपर्यंत गेली. पैसे वाचले तर त्यांच्यासाठी अंगणात पटिंगची मॅट टाका.

प्रश्न: डिसेंबर-जानेवारीत सकाळी बॉल खूपच कमी जातो, वरही जात नाही. माझा भ्रम आहे का?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर: भ्रम नाही. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी हवा थंडीतल्या १२ अंशांच्या सकाळपेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते, थंडीत बॉलला तेवढी जास्त दाटी कापावी लागते. शिवाय गार बॉल कमी उसळतो, आणि स्वेटरवर स्वेटर घातलेला माणूस वळतही कमी. बॉल रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरात ठेवा. पण खेळताना मुद्दाम गरम करणं नियमात बसत नाही, तो मोह टाळा. आठ वाजेपर्यंत उन्हाची वाट पाहिली तरी फरक पडतो, आणि पहिल्या टीवर जायच्या आधी दहा मिनिटं नुसतं अंग मोकळं करा.

प्रश्न: लाकडी टी की प्लास्टिकची? आणि कितीही लांब टी चालते का?
– एक वाचक, कामठी

उत्तर: लांबीला मर्यादा आहे, चार इंच. त्याच्या आत काहीही चालेल. मला बांबूची आवडते, लवकर मोडत नाही. उन्हाळ्यात जमीन टी आत घेतच नाही, तेव्हा जोर लावून मोडत बसू नका, पिशवीत एक जुना स्क्रू ड्रायव्हर ठेवा, आधी भोक पाडा आणि मग टी लावा, उंची बरोबर बसेल.