डिपार्टमेंट स्टोअरच्या ख्रिसमस रोषणाईचा लाइव्ह सोहळा शूट करायचा आहे, कॅमेरे कुठे लावू?

तुम्ही म्हणता, आजवर लग्नं आणि गणपतीच्या मिरवणुका केल्या आणि आता न्यूयॉर्कमध्ये एका महागड्या दुकानाच्या रोषणाईच्या उद्घाटनाचं काम आलंय. मी न्यू जर्सीत राहून असलीच कामं करतो. मिरवणूक शूट केलेल्या माणसाला गर्दीची धास्ती नसते, त्यामुळे निम्मी काळजी तिथेच मिटली.

न्यूयॉर्कमधल्या सॅक्स फिफ्थ अॅव्हेन्यू या महागड्या डिपार्टमेंट स्टोअरचं उदाहरण घ्या. २०२२ च्या उद्घाटनाला तिथे प्रसिद्ध ब्रिटिश गायक एल्टन जॉन गायले. ते एकदाच झालं. भिंतीवरचा दिव्यांचा खेळ मात्र पुढे जानेवारी उजाडेपर्यंत रोज संध्याकाळी पुन्हा पुन्हा चालायचा. (२०२४ मध्ये त्यांनी तो केलाच नाही, ते सोडा.) म्हणून इमारतीसाठी समोरून एकच वाइड शॉट, म्हणजे पूर्ण इमारत दिसेल असा, लॉक करा. तिचे देखणे शॉट दुसऱ्या दिवशी निवांत मिळतात. बाकीचे कॅमेरे माणसांवर ठेवा.

त्यातला एक तरी दुकानाकडे पाठ करून लावा. दिवे लागतात त्या क्षणी सगळा उजेड गर्दीच्या तोंडावर पडतो. वर बघणारी पोरं, खांद्यावर बसलेली लेकरं, सगळे एकदम उजळतात. सॅक्ससमोर गर्दीच्या मागे रॉकफेलर सेंटरचं ख्रिसमसचं झाड उभं असतं, पण बहुधा परांचीत आणि अजून न पेटलेलं, कारण त्याचा सोहळा नंतर असतो. पार्श्वभूमी काळोखी राहते, चेहरे सुटून दिसतात. क्लायंट आधी विचारेल, ‘लोक कशाला एवढे?’ एडिट बघितल्यावर तेच शॉट जास्त मागेल.

एक्स्पोजर ऑटोवर अजिबात नको. काळोखात कॅमेरा आयरिस (उजेड आत घेणारं छिद्र) उघडून बसतो आणि दिवे लागताच फ्रेम पांढरी पडून जळते. आदल्या रात्री तालमीला जा, सगळ्यात प्रखर क्षणाला सेटिंग ठरवा, व्हाइट बॅलन्सही (रंगांची सेटिंग) लॉक करा. आणि भारतातून कॅमेरा आणत असाल तर तो तिथल्या ५० हर्ट्झच्या विजेला धरून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटरवर असेल. इथली वीज ६० हर्ट्झची, दिव्यांत पट्टे फिरताना दिसू शकतात. शटर १/६० पासून सुरुवात करा आणि मोठ्या मॉनिटरवर तपासा, कॅमेऱ्याच्या चिमुकल्या स्क्रीनवर ते कळत नाही.

आवाज मंचाच्या साउंड मिक्सरवरून घ्याच, पण गर्दीसाठी वेगळा माइक हवा, नाहीतर टाळ्याच ऐकू येत नाहीत. लाइव्हसाठी मोबाइल नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, हजारो फोन एकदम चालू झाले की ते मान टाकतं. दुकानाच्या आतून इंटरनेटच्या केबलची लाइन मागून घ्या.

गाण्यांचे हक्क कोणी घेतलेत हे लेखी विचारा. मंचावर गायची परवानगी वेगळी, व्हिडिओत वापरायची वेगळी. फुटपाथवर साधा ट्रायपॉड लावून, जागा न अडवता शूट करायला शहराचं परमिट लागत नाही. जागा अडवायची किंवा गाडी उभी करायची म्हटली की लागतं, आणि त्यासोबत विम्याचे कागदही.