जबड्याची ‘कट्ट’ थांबली, पण तोंड उघडेना

प्रश्न : मी शिक्षिका, वय ३४. दोन-तीन वर्षं घास चावताना डाव्या कानापाशी ‘कट्ट’ असं वाजायचं. गेल्या महिन्यात ते आपोआप थांबलं. पण तेव्हापासून तोंड पुरतं उघडत नाही. वडापावचा घाससुद्धा घेता येत नाही. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहे. मग हे काय? – एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, कानाचे डॉक्टर बरोबर आहेत, दुखणं कानाच्या शेजाऱ्याचं, म्हणजे जबड्याच्या सांध्याचं आहे. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतं ते खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक, कंडाइल. कानशिलाच्या हाडातल्या खोबणीत ते बसतं आणि मध्ये कूर्चेची पातळ चकती असते. तोंड थोडं उघडताना टोक जागच्या जागी फिरतं. मोठी जांभई आली की चकतीसकट पुढे घसरतं. चकतीच आधी पुढे सरकलेली असेल, तर टोक तिच्यावर चढताना ‘कट्ट’ वाजतं. तुमच्या बाबतीत आता ते चढतच नसावं. चकती वाटेत अडून बसली आहे. तेव्हा आवाज गेला म्हणून बरं वाटलं असं समजू नका.

आरशात बघा, तोंड उघडताना हनुवटी डावीकडे जाते का? जात असेल तर माझा संशय पक्का. पुढच्या दातांमध्ये आपली तीन बोटं उभी मावायला हवीत, साधारण ३५ ते ५० मिलिमीटर.

रागावू नका, पण सुपारी खाता का? सुपारी-गुटख्यानं गाल आतून ताठतात आणि तोंड उघडेनासं होतं. सांध्याला तिथे काही झालेलं नसतं. तिखटानं तोंडाची आग होत असेल तर हे आधी तपासून घ्या.

दंत महाविद्यालयातल्या मुखशल्यचिकित्सा विभागात लवकर दाखवा. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) हाड दिसतं, चकती नाही, तिच्यासाठी एमआरआय. बहुतेकांचं ऑपरेशनाशिवाय भागतं : व्यायाम, रात्री दातांवर प्लेट, फार तर सुया घालून सांधा सलाइननं धुणं. ‘दाढा ग्राइंड करून चावा बसवतो’ असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. गेलेली दाढ परत भरून येत नाही.

तोवर भाकरी आमटीत कुस्करून खा, फुटाणे आणि ऊस बंद, दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं शेक. जबरदस्तीनं तोंड ताणू नका. आणि वह्या तपासताना दातावर दात आवळले जातात का, तेवढं लक्ष ठेवा. ओठ मिटलेले असले तरी आत दात सुटे हवेत.