हजेरीपट नसलेला वर्ग

सोलापूर

प्रिय नव्या बाई,

अनेक आशीर्वाद. शिक्षणसेवक म्हणून रुजू झालीस हे कळलं. निवृत्तीनंतर करमतं का, असं विचारलंस. सुट्टीत माझ्या संध्याकाळच्या वर्गाला मदत करायला येऊ का, असंही. ये की! पण तिथं डी.एड.चं फारसं काही चालत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

वयाची 58 वर्षं पूर्ण झाली, शाल-श्रीफळ झालं आणि घंटा, हजेरीपट, निकाल तिन्ही एकदम सुटलं. शाळेत मूल कंटाळलं तरी बसून राहतं, कारण उठून जायची सोय नसते. आमच्याकडं आहे. वर्ग भरतो शहराच्या पूर्व भागात, ओळखीच्या घराच्या पत्र्याच्या ओसरीत. भिंतीपलीकडं यंत्रमाग खडखडत असतो. मुलाचं मन उडालं की ते चपला घालून निघून जातं, जाताना सांगतही नाही. पहिले काही आठवडे मला त्याचा राग यायचा. आता मी फक्त बघते, कोणत्या वाक्याला चपला उचलल्या. तुझ्या शाळेत हजेरीपट आहे, तरी तो नाही असं समजून शिकवून बघ. कुठल्या धड्याला किती मुलं उठून गेली असती, हे चेहऱ्यांवर दिसतंच.

आमची मुलं घरात तेलुगू बोलतात, गल्लीत दखनी उर्दू आणि शाळेत मराठी. काहींच्या शेजारी कन्नडही असतं. धडा घडाघडा वाचतील आणि ‘काय झालं गं यात?’ म्हटलं की छताकडं बघतील. मग मी म्हणते, आधी तेलुगूत सांगा एकमेकांना. तेलुगू मला ऐकून कळतं, पण बोलायला गेले की सगळी हसतात. हसू देते. बाईंनाही काहीतरी येत नाही म्हटल्यावर त्यांची जीभ सुटते. गोष्ट तेलुगूत नीट लागली की मराठीत आपोआप येते, फक्त घाई करायची नाही. शाळेत अभ्यासक्रम पूर्ण करायची घाई असते, ते मला माहीत आहे. तरी दिवसातली दहा मिनिटं यासाठी काढच.

बऱ्याच जणींच्या आया विड्या वळतात. पोरी घरी बसून विड्यांची तोंडं बंद करून देतात आणि मग वर्गाला येतात. उशीर झाला म्हणून त्यांना बोलायचं नाही. 25चा पाढा त्यांना शिकवावा लागत नाही. एका बंडलात 25 विड्या, 40 बंडलं झाली की हजार, हे त्यांच्या बोटांत बसलेलं असतं. तिथूनच मी भागाकार सुरू करते. तुझ्या वर्गातल्या मुलांच्या घरात काय मोजलं जातं, ते आधी शोध.

पाण्याच्या दिवशी वर्ग निम्मा रिकामा असतो. शहरात काही दिवसांआड नळ येतो, तेव्हा घागर आधी आणि पुस्तक नंतर. गैरहजेरीची कारणं शाळेच्या रजिस्टरमध्ये कधी नीट लिहिता येत नाहीत, हे मला नोकरीत असतानाही खटकायचं.

आणि आया येतात कागद घेऊन. पीएफवर नाव एक, आधारवर दुसरं. कुणाला विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती भरायची असते. अर्धा वेळ त्यात जातो. पहिल्यांदा वाटलं, शिकवायचं राहून जातंय. पण कागद वाचून दाखवताना पोरगी आईशेजारी बसलेली असते आणि दुसऱ्या खेपेला तीच वाचून दाखवते.

एक मात्र मी निवृत्तीनंतरच करू शकले. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, 12 जानेवारीला, मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेते. रोज तिथून जाणाऱ्या पोरांना चौघांची नावं सांगता येत नाहीत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1930मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी कायद्यानंतर) चौघांना पुण्याला येरवड्यात फाशी झाली, तो दिवस 12 जानेवारी 1931. नावं वाचून एक मुलगा म्हणाला, ‘बाई, ही तर आपल्या गल्लीतलीच नावं.’ यावर मी काही बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती. शाळेत असते तर लगेच पाच ओळी लिहून आणायला सांगितल्या असत्या. तू नको सांगूस.

करमतं का म्हणालीस. दुपारी नाही करमत. उन्हाळ्यात तर चार वाजेपर्यंत बाहेर पडायची सोय नसते. संध्याकाळी बरं असतं.

तुझी,
बाई

ता.क. सेवापुस्तकाची, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीची, दुय्यम प्रत आत्तापासून स्वतःजवळ ठेव आणि प्रत्येक नोंद झाली की त्यावर सही-शिक्का घे. पेन्शनच्या वेळी एका नसलेल्या नोंदीपायी माणसं महिनोन्महिने हेलपाटे घालतात. आणि 1 नोव्हेंबर 2005पासून लागलेल्यांना आमच्यासारखी जुनी पेन्शन नाही. शिक्षणसेवकाच्या 16,000च्या मानधनातून लगेच काही उरणार नाही, पण कायम झालीस की पहिल्या पगारापासून बाजूला टाकायला लाग. घरी सांगू नकोस किती ते.