दुरुस्त करू की नवं घेऊ? वाचकांचे प्रश्न

पाडवा जवळ आला की दुकानात येणाऱ्या प्रत्येक बंद वस्तूबरोबर हा प्रश्नही येतो. गेली चोवीस वर्षं मी सोलापुरात टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी उघडून बसतोय. नवं यंत्र वाईट असतं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण ते ज्या घरात जाणार आहे तिथलं पाणी, ऊन आणि लाइट कसं आहे हे विकणारा विचारत नाही. म्हणून ते आपणच विचारायचं. पत्रं लांब होती, गाभा तेवढा ठेवला आहे. पहिलं पत्र मुद्दाम वर घेतलंय, कारण त्याला उशीर नको.

वडिलांना नऊ वर्षांपासून शुगर आहे, इन्सुलिन घेतात. भाच्याने ऑनलाइन साडेतीन हजारांचं स्मार्टवॉच मागवून दिलं. बीपी, ऑक्सिजन, साखर, सगळं दाखवतं. आता ते बोटाला सुई टोचून घ्यायला तयारच नाहीत. घड्याळावर विसंबून चालेल का? (अशोक चौक)

नाही चालणार. आज रात्रीचं इन्सुलिन घेण्याआधी बोटावरच साखर तपासा.

घड्याळाच्या पाठीला जे हिरवे दिवे लुकलुकतात, ते कातडीत प्रकाश सोडतात आणि परत येणारा प्रकाश मोजतात. ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होतं, तसा तो प्रकाश बदलतो. त्यावरून नाडी कळते आणि चांगल्या घड्याळात ती बऱ्यापैकी बरोबरही येते. रक्तातली साखर मात्र या दिव्याला दिसत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना स्पष्ट इशारा दिला होता: सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, ती वापरू नका. दंडावर चिकटवतात तो सेन्सर वेगळा. त्याची बारीक तार कातडीखाली जाते, ती मोजते. घड्याळ असलंच तर तिथला आकडा फक्त दाखवतं.

मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक असंच घड्याळ पट्टा बदलायला घेऊन आले. काउंटरवर हात पुसायचा टॉवेल होता, आपल्याच इथल्या मागावरचा. त्याची घट्ट गुंडाळी केली, तिच्यावर घड्याळ बांधलं आणि बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात बीपी आलं, ११८/७६. त्याच्याखाली साखरेचाही आकडा आला. ते गृहस्थ बराच वेळ त्या टॉवेलकडे बघत राहिले. त्यांची आई त्या आकड्यावर गोळी घ्यायची की नाही ते ठरवत होती.

वडिलांच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे. साखर मुळात कमी असताना घड्याळाने जास्त दाखवली आणि त्यांनी त्या हिशोबाने इन्सुलिन घेतलं, तर घाम सुटून, भोवळ येऊन माणूस बेशुद्ध पडतो. रात्री झोपेत असं झालं तर घरच्यांना कळतही नाही. साधा ग्लुकोमीटर हजाराच्या आसपास मिळतो. सुई बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, बरंच कमी दुखतं. बीपीसाठी दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या. काही मोठ्या कंपन्यांची घड्याळं बीपीचा अंदाज देतात, पण तीही आधी अशाच पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावी लागतात. भाच्याने प्रेमाने दिलंय, तर घड्याळ काढून ठेवू नका. पावलं मोजायला राहू द्या.

एक जण घरी आले. आमच्या नळाच्या पाण्यात आणि त्यांच्या आरओच्या पाण्यात दोन-दोन सळ्या सोडून करंट लावला. आमचा ग्लास तपकिरी-हिरवा, गाळाने भरला. त्यांचा स्वच्छ राहिला. कॉपर आणि अल्कलाइन असलेला आरओ अठरा हजारांना सांगतात. प्यायला महापालिकेचं पाणी वापरतो, बोअर वापरायला आहे. मुलं लहान आहेत, घाबरलो आहोत. (शेळगी)

घाबरू नका. तो गाळ तुमच्या पाण्यात नव्हता, त्यांच्या सळीत होता. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची सळी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. ते पुन्हा आले तर त्यांच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि त्याच सळ्या सोडायला सांगा. तोही ग्लास तसाच घाण होईल. हा खेळ दाखवून बायाबापड्यांना घाबरवतात याचा मला मनापासून संताप आहे.

आता आरओ लागतो का, हे कसं ठरवायचं? पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, मोजायचा पेन दोन-अडीचशे रुपयांना मिळतो. शेजारच्याकडे असेल तर तोच आणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलंय. ५०० च्या आत असेल तिथे आरओच्या वापरावर बंदी घाला, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला दिले होते. तुमच्या नळाच्या पाण्याचा आकडा ५०० च्या आत असला, तर गाळणी आणि यूव्हीचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील दिव्याचा, साधा प्युरिफायर पुरे. आरओच्या अर्ध्याहून कमी पैशांत होतो. पाणी उकळलंत तरी भागतं. उकळून क्षार मात्र जात नाहीत. बोअरचं पाणी प्यायची वेळ येत असेल आणि आकडा हजाराच्या वर जात असेल, तर आरओ घ्या, तिथे तो खरंच कामाचा आहे. पण साधा घ्या. तांब्याची काडी नि अल्कलाइनची नळी यांनी मुख्यतः किंमत वाढते आणि दर वर्षी बदलायचा खर्च मागे लागतो.

आणि सोलापुरात आणखी एक हिशोब धरा. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर टाकून देतो. दिवसाला पंधरा लिटर प्यायचं पाणी काढलं तर पंचेचाळीस लिटर मोरीत. नळ रोज येत नाही तिथे हे पाणी बादलीत धरलंच पाहिजे, फरशी नि मोरी धुवायला.

आपल्याकडे जंतू शिरतात ते बहुतेक साठवणीत. नळ आला की पिंप भरायचं, मग चार दिवस त्यातच तांब्या बुडवायचा. झाकणाचं, खाली तोटी असलेलं पिंप घ्या आणि दर भरण्याआधी घासा. मुलांचं पोट त्याने जास्त सांभाळलं जाईल.

घरात पाच माणसं. दहा वर्षांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे, ड्रायरची मोटर गेली. दुरुस्तीला अठराशे सांगितले. मुलगा म्हणतो, त्यात पैसे घालू नका, चौतीस हजारांचं एआयवालं फ्रंट लोड घेऊ. (विडी घरकुल)

अठराशे घाला. दुसरा विचार करू नका.

सेमीमध्ये पाणी तुम्ही बादलीने ओतू शकता, साबणाचं एकच पाणी आधी पांढऱ्यांना आणि मग रंगीत कपड्यांना वापरू शकता. फ्रंट लोड एकंदर पाणी कमी घेतं हे खरं, पण त्याला ते चालू नळातून, दाबाने लागतं. टाकी मशीनच्या नळापेक्षा निदान दहा फूट वर नसेल तर बहुतेक मशीन मध्येच थांबून एरर दाखवतात. दुसरं म्हणजे जड पाणी. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या फ्रंट लोडचा हीटर मी परवाच काढला. काडीवर चुन्याचा एवढा जाड थर होता की तिची मूळ जाडी ओळखू येईना. वरून टोकरलं तर पापुद्रे निघाले, आत काडी जळालेली. मशीन तीनच वर्षांचं होतं.

एआयचं म्हणाल, तर कपड्यांचं वजन ओळखून पाणी आणि वेळ ठरवणारी मशीनं ‘फजी लॉजिक’ या नावाने नव्वदच्या दशकापासून आहेत. त्यात सुधारणा झाल्या आहेत, पण चौतीस हजार द्यावेत एवढी ती नवलाई नाही. मोठी टाकी आहे, पाणी गोडं आहे, नवरा-बायको दोघंही नोकरीला जातात, अशा घरात मी स्वतः फ्रंट लोड घ्यायला सांगतो. सोलापुरी चादरी घरी धुणार असाल तर ड्रमची क्षमता बघून घ्या. कोरडी चादर हलकी वाटते, भिजली की मोटरचा जीव काढते.

बेडरूमला दीड टनाचा एसी घ्यायचाय. थ्री स्टार आणि फाइव्ह स्टारमध्ये नऊ हजारांचा फरक आहे. की कूलरच बरा? (होटगी रोड)

एसीवरच्या पट्टीवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो. तो वर्षाला १६०० तास एसी चालेल असं धरून काढलेला असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. उदाहरणादाखल समजा, थ्री स्टारवर १००० युनिट लिहिलेत आणि फाइव्ह स्टारवर ७८०. फरक २२० युनिटचा. उन्हाळ्यात एसीमुळे तुम्ही महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये जाता, म्हणून युनिटला १२ रुपये धरू. वर्षाला २,६४० रुपये वाचले, म्हणजे नऊ हजार साडेतीन वर्षांत वसूल.

पण तुम्ही एसी फक्त रात्री लावणार. आठ तास, मार्च ते जूनच्या शंभर रात्री, म्हणजे ८०० तास. बचत निम्मी, १,३२० रुपये. वसुलीला जवळजवळ सात वर्षं. तेवढ्यात एकदा जरी बाहेरच्या युनिटचा सर्किट बोर्ड गेला तर सगळी बचत गेली. आणि तो जातो. व्होल्टेज वर-खाली होतं, शिवाय उबेला पाल बोर्डवर जाऊन बसते आणि शॉर्ट होतो. माझ्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या बोर्डांपैकी कितीतरी पालीने घालवलेले असतात. बोर्डाची वॉरंटी किती वर्षांची, तो सोलापुरात मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो, हे स्टारच्या आधी विचारा. दिवसाही घरी कुणी आजारी, म्हातारं माणूस असेल, एसी दहा-बारा तास चालणार असेल, तर मात्र बिनधास्त फाइव्ह स्टार घ्या. दोन दुकानांतल्या पट्ट्या ताडून पाहताना वर्षही बघा, कारण स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात.

कूलरला आपल्या कोरड्या उन्हाळ्यासारखी हवा दुसरी नाही. वीज एसीच्या पाव भागाहूनही कमी लागते. पण मोठा कूलर तासाला सात-आठ लिटर पाणी सहज पितो, म्हणजे रात्रीत साठेक लिटर. तुमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो, तेवढ्याने हे गुणा. वापरायला बोअरचं पाणी असेल तर कूलरच घ्या, फक्त पॅडवर क्षार धरतात ते दर उन्हाळ्यात बदला. पहिला पाऊस पडून हवा ओली झाली की कूलर चिकचिक करतो, हे मात्र सोसावं लागतं.

४३ इंची फुल एचडी टीव्ही सात वर्षांचा आहे, चित्र उत्तम आहे. नवी पेठेत दुकानदार म्हणतो, जीएसटी उतरलाय, ५५ इंची फोर-के घेऊनच टाका. सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे. (जुळे सोलापूर)

जीएसटी उतरला हे खरं आहे. ३२ इंचांवरच्या टीव्हींवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. पण चालणाऱ्या टीव्हीवर लागणारा कर शून्य आहे.

टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं, फोर-केमध्ये ते फुल एचडीच्या चौपट असतात. चांगल्या नजरेला दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन लागतो. त्या हिशोबाने ४३ इंची फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडे आणि ५५ इंची फुल एचडीचे सात फुटांच्या थोडं पुढे गेलं की वेगळे दिसेनासे होतात. तुम्ही नऊ फुटांवर बसता. मोठं चित्र हवं असेल तर तसं म्हणून घ्या, पण फोर-केच्या बारकाव्यासाठी घेऊ नका, आणि एट-केचा तर विचारही नको. जुना टीव्ही ॲप उघडायला रेंगाळतो हीच अडचण असेल तर तीन-चार हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावा. हा टीव्ही कधी गेलाच, तर त्या मापात बाजारात बहुतेक फोर-केच आहेत. तेव्हा ठिपके न मोजता दुकानात दोन टीव्ही शेजारी लावायला सांगा आणि काळा रंग कुणाचा खरा काळा दिसतो ते बघा.

झाडू-पोछाचा रोबो घ्यावा का? जुना वाडा आहे. (साखर पेठ)

नको. प्रत्येक खोलीला उंबरा, शहाबादी फरशीच्या खाचा आणि मे महिन्यातली धूळ. तो एका खोलीतच अडकून राहील.

फोन तीन वर्षांचा, दुपारपर्यंत बॅटरी संपते. २०० मेगापिक्सेलचा नवा फोन ३२ हजारांना, बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर मिळतोय. मी इंजिनिअरिंगला आहे, हप्ते क्लासच्या शिकवण्यांतून भरेन. (विजापूर रोड)

हप्ते स्वतःच्या कमाईतून भरणार म्हणतोस, म्हणून तुला जरा सविस्तर सांगतो.

लिथियमची बॅटरी पाचशे ते आठशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची धारणा साधारण ऐंशी टक्क्यांवर येते. तीन वर्षांत ते होणारच. म्हणजे तुझा फोन बिघडलेला नाही, बॅटरी थकली आहे. चांगली बॅटरी दीड-अडीच हजारांत बदलून मिळते.

२०० मेगापिक्सेलचे फोन नेहमीच्या फोटोत शेजारचे सोळा ठिपके मिळून एक करतात आणि साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात. घरातल्या उजेडात त्याचा फायदा होतो, पण फोटो सोळापट चांगला येत नाही.

आता हप्ता. व्याज नाही असं कर्ज नसतं. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. होतं असं की व्याजाएवढी सूट दुकान किंवा कंपनी किमतीत देते आणि बँक तेवढंच व्याज तुझ्याकडून घेते. कार्डावर घेतलंस तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी. दुकानात एवढंच विचार: “रोख दिले तर किती?” जो आकडा कमी होईल, तो हप्त्याचा खरा खर्च.

फोन बदलायचं एक कारण मला पटतं. सेटिंगमध्ये जाऊन शेवटचा सिक्युरिटी अपडेट कधी आला ते बघ. कंपनीने अपडेट देणंच थांबवलं असेल आणि याच फोनवरून तू बँकेचे व्यवहार करत असशील, तर नवा घे, पण पंधरा हजारांच्या आत बघ. अपडेट चालू असतील तर बॅटरी बदल. आणि पाठीचं झाकण जरासं उचललेलं वाटत असेल तर बॅटरी फुगली आहे. मग आज रात्री उशाशी चार्जिंगला लावू नकोस. आहे तसा बंद कर आणि सकाळी आधी ती काढून घे.