फोरजीवरचा कॉल समजून घेताना

एलटीई, म्हणजे फोरजीच्या, जाळ्यात टूजीप्रमाणे आवाजासाठी राखलेली सर्किट व्यवस्थाच (कॉलभर एक मार्ग अडवून ठेवण्याची पद्धत) नाही, ही गोष्ट तुम्ही आधी पक्की करा. त्यामुळे व्होल्टे (एलटीईच्या डेटावरूनच कॉल नेण्याची सोय) नसलेला फोन कॉलपुरता टूजी किंवा थ्रीजीवर उतरतो. २०१६ मध्ये केवळ फोरजीवर सुरू झालेल्या जिओकडे मात्र उतरायला खालचे जाळेच नव्हते, म्हणून अशा फोनला वेगळे ॲप घ्यावे लागे.

व्होल्टेमध्ये आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे आयपी पॅकेटांतून, म्हणजे इंटरनेटच्या डेटासारखे, जातात, कॉल जोडण्या-तोडण्याचे काम आयएमएस ही जाळ्यातली यंत्रणा एसआयपी (कॉल जुळवण्याची ठरलेली भाषा) संदेशांद्वारे करते आणि आवाजासाठी ठरावीक गतीची हमी असलेला स्वतंत्र बेअरर, म्हणजे डेटा वाहून नेणारी वाट, उभारला जातो. हा बेअरर नीट अभ्यासा, कारण गर्दीच्या वेळी व्हॉट्सॲपचा कॉल अडखळत असताना व्होल्टेचा बहुधा टिकतो, तो मुख्यतः त्याच्यामुळे. कोडेकची (आवाज डेटात बदलण्याच्या पद्धतींची) नावे पाठ करण्यात (नवशिके नेमके तेच करतात) वेळ घालवू नका. जुना कॉल साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ टिपत असे आणि व्होल्टेतला एएमआर-वाइडबँड हा कोडेक ५० ते ७००० हर्ट्झ टिपतो, एवढे तूर्त पुरे. त्यानंतर एसआरव्हीसीसी वाचा: बोलणे चालू असताना फोरजी सुटले, तर कॉल जुन्या जाळ्याकडे सोपवण्याची ही सोय फोन आणि जाळे या दोहोंत असावी लागते.