सासूबाईंना आणण्याआधी वाटेतली बाकडी मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्याच्या चरईतून पुढच्या वर्षी टोरांटोजवळ येताय, बरोबर 7 वर्षांची लेक, आणि मग सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांना कॅनडात सलग काही वर्षं राहू देणाऱ्या व्हिसावर, 71 वर्षांच्या सासूबाईंना आणायचं आहे. त्यांना थंडी झेपेल का, आणि नव्या वसाहतीतलं मोठं घर घ्यावं की जुन्या भागातला फ्लॅट, असं विचारलंत. व्हिसाच्या अटी, विमा हे सगळं सरकारी संकेतस्थळावर नीट दिलंय, त्यात मी जात नाही. थंडी झेपते. माझ्या बाबांना झेपली. त्यांचं चालणं गेलं.

ठाण्याला नौपाड्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. 74व्या वर्षी बाबा दिवसातून तीनदा तो जिना चढायचे-उतरायचे. पहाटे पावणेसहाला कचराळी तलावाच्या चार फेऱ्या, मग कट्ट्यावर चार मित्रांबरोबर अर्धा तास, येताना दूध. संध्याकाळी तलावपाळी, सोमवारी कौपिनेश्वराचं देऊळ. यातल्या कशाला त्यांनी कधी व्यायाम म्हटलं नाही. आणि ठाण्याचे फुटपाथ तुम्हाला ठाऊकच आहेत, कुठे स्कूटर आडवी, कुठे लादी उखडलेली. तरी चालायचे, कारण पोचायच्या जागी कुणीतरी वाट बघत असायचं. एक दिवस गेले नाहीत तर सातच्या आत फोन यायचा, "काय हो, बरं नाही का?"

मग मी त्यांना इथे आणलं. इथे आमच्या घरामागे सुरेख पायवाट आहे, दोन्ही बाजूंना मेपल. पण सर्वांत जवळचं दुकान दीड किलोमीटरवर आणि वाटेत एकही बाकडं नाही. बाबांचा गुडघा दहा मिनिटांनी बसायला मागायचा. ते अर्ध्या वाटेवरून परत यायचे आणि दुकान दुपारी बंद असतं असं सांगायचे. मला किती तरी दिवस ते खरंच वाटलं.

मग डिसेंबर आला. पाचच्या आत अंधार, रस्त्यावर डोळ्यांना न दिसणारा काचेसारखा बर्फ. पडले आणि हाड मोडलं तर विमा किती देईल, या भीतीने मीच सांगितलं, "बाबा, मार्चपर्यंत बाहेर जाऊ नका." त्यांनी ऐकलं. मार्चमध्ये ते आमचा एकच जिना कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत होते. डॉक्टर म्हणाले, आठवड्याला 150 मिनिटं चाला, तोल सांभाळायचे व्यायाम तीन दिवस करा. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्यांना हेच सांगते. मी तळघरात ट्रेडमिल आणून ठेवली. समोर भिंत. दहा मिनिटांत ते वर यायचे आणि टीव्हीसमोर बसायचे.

शाळेचं मात्र अजून मनातून जात नाही. आमच्या मुलाला फ्रेंच इमर्शनमध्ये, म्हणजे बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गात, घालायची हौस माझी. जागा मिळाली दूरच्या शाळेत, स्कूल बसने. घराजवळची शाळा आठ मिनिटांच्या अंतरावर होती. त्याला तिथे घातलं असतं तर बाबा त्याला रोज सोडायला आणि आणायला गेले असते. वाटेत दुसरे आजी-आजोबा भेटले असते, आणि बर्फातसुद्धा त्यांना बाहेर पडायला कारण असतं. दोन वर्षांनी मुलाने फ्रेंच सोडलं. तुमची लेक 7 वर्षांची आहे म्हणून हे इतकं लिहितेय.

बाबांच्या पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला पाठवायचा असतो, तो बँकेने दोनदा परत केला, एकदा तर शिक्का पुसट म्हणून. दोन महिने पेन्शन थांबली. मी फोनवर भांडत होते तेव्हा बाबा म्हणाले, "ठाण्यात आम्ही चौघं-पाचजण चालत जायचो आणि येताना मामलेदारची मिसळ खायचो."

तिसऱ्या हिवाळ्यात कळलं की जवळचा मॉल दुकानं उघडायच्या आधीच दारं उघडतो आणि म्हातारी माणसं आत चालायला येतात. जालंधरचे एक सरदारजी आणि श्रीलंकेतल्या जाफन्याचे दोघे भाऊ, यांच्यात बाबा मिसळले. बाबांचं हिंदी आणि त्या भावांचं मोडकं इंग्रजी, पण जमलं. सहा आठवड्यांत कठडा सुटला. फेब्रुवारीत माझ्या ऑफिसची वेळ बदलली. गाडीने सोडणारं कुणी उरलं नाही, बसने जायचं तर दोन बस बदलायच्या. ते बंद झालं.

चौथ्या वर्षी, मुदत शिल्लक असताना, बाबा ठाण्याला परत गेले. पहिला महिना तीन मजले चढवेनात. मित्र खाली येऊन पहिल्या पायरीवर बसायचे. आता कचराळीच्या दोन फेऱ्या होतात. कट्ट्यावरचे ते चार मित्र आता तीन आहेत, एक जण बाबा इथे असताना गेले. त्यांना आणलं ते चुकलं का, हे मला आजही सांगता येत नाही. मुलाला चार वर्षं आजोबा मिळाले, तो अजून पाढे मराठीत म्हणतो.

तेव्हा जुन्या भागातला फ्लॅट घ्या, खोल्या कमी असल्या तरी. दुकान, वाचनालय, देऊळ किंवा गुरुद्वारा, यातलं काहीतरी दहा मिनिटांवर असू दे आणि मध्ये बसायला जागा असू दे. शाळा चालत जाण्यासारखी निवडा. सासूबाईंना मे महिन्यात आणा, म्हणजे बर्फ पडायच्या आत त्यांना नावाने हाक मारणारी चार माणसं झालेली असतील. कम्युनिटी सेंटरमध्ये ज्येष्ठांचे वर्ग असतात. पहिले काही दिवस तुम्ही स्वतः रजा घेऊन त्यांच्याबरोबर जा. मी नावं नोंदवून दिली होती, बरोबर गेले नव्हते.

घर बघायला लागलात की पत्ता कळवा. माझ्यापासून तासाभरात असेल तर एखाद्या शनिवारी जाऊन त्या घरापासून दुकानापर्यंत चालून बघेन, वाटेत बाकडी किती आहेत ते तुम्हाला लिहीन.